पंधरा मात्रांचा तीनताल

ठेकाताईंनी उभ्या आयुष्यात कधी स्वतंत्र तबलावादन केलं नाही, आणि त्याचं त्यांना काडीइतकंही वाईट वाटत नसे. "तुकडे आणि चक्रदार वाजवणारे रस्त्यात पायाला अडखळतील इतके आहेत," त्या म्हणत. "पण गाणाऱ्याच्या मागे तासभर सरळ ठेका धरून बस म्हटलं की त्यांच्या हातांना मुंग्या येतात. माझ्या हातांना नाही येत." गाण्याच्या वर्गातल्या मुलींनी त्यांना ठेकाताई म्हणायला सुरुवात केली ती थट्टेनंच. दहा-बारा वर्षांत थट्टा गळून पडली आणि नाव तेवढं चिकटलं. पुढे पुढे तर त्यांचा नवराही फोनवर, "ठेकाताई बाहेर गेल्यात, काही निरोप?" असं विचारायला लागला.

सकाळी सात ते एक त्या रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत नोंदणीच्या खिडकीवर असत. समोरच्या माणसाचं नाव-वय विचारायचं, कोणकोणत्या तपासण्या ते लिहायचं, चिठ्ठी छापायची आणि बरोब्बर त्याच माणसाच्या नळीवर चिकटवायची. ऐकायला सोपं वाटतं. पण एकाची चिठ्ठी दुसऱ्याच्या नळीवर गेली तर धडधाकट माणसाला घरबसल्या मधुमेह होतो आणि खऱ्या मधुमेह्याला गोड खायची मोकळीक मिळते. बावीस वर्षांत ताईंकडून असं एकदाही झालं नव्हतं. चिठ्ठी चिकटवण्याआधी त्या नाव मोठ्यानं वाचत, माणसाकडे बघत, मग अंगठ्यानं चिठ्ठी दाबत. रांगेतले लोक कुरकुरत, पण ताईंची लय काही वाढत नसे.

दुपारी घरी जेवून, वीस मिनिटं पाठ टेकून, चार वाजता त्या गाणं शिकवणाऱ्या बाईंच्या वर्गाला हजर होत. वर्ग म्हणजे चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. जिना लाकडी, एकोणीस पायऱ्यांचा, त्यातली तिसरी डुगडुगणारी. आतल्या खोलीत सतरंजी, भिंतीला टेकलेले दोन तंबोरे, खिडकीत एक पितळी तांब्या आणि कोपऱ्यात ताईंचा तबला-डग्गा, खोळ घातलेला. खाली फुटपाथवर किल्ल्या करून देणारा एक माणूस बसे. त्याच्या यंत्राची किंचाळी नेमकी आलापाच्या वेळी वर येई. "तो बघ," बाई म्हणत, "त्याचा सूर रोज एकाच जागी लागतो. तुमचा कधी लागणार?"

बाईंची जीभ अशीच होती. मुली रडत, वर्ग सोडायच्या गोष्टी करत, आणि दुसऱ्या दिवशी चारला हजर. पहिले सहा महिने बाई कुणाला राग शिकवतच नसत. मांडीवर हात ठेवायचा आणि ताल मोजायचा. तीनताल सोळा मात्रांचा. पहिल्या मात्रेला सम म्हणतात, नवव्या मात्रेला हात वळवायचा, ती खाली. सोळा झाल्या की एक आवर्तन पूर्ण, पुन्हा सम. गाणारा मधे कुठेही भटको, गाण्याचा मुखडा, म्हणजे पहिली ओळ, धरून त्यानं समेवर तबल्याच्या बरोबर यायचं. आधी आला तरी चूक आणि नंतर आला तरी चूक. "गळा देवानं दिला असेल तर उत्तम," बाई म्हणायच्या, "मोजायला मी शिकवते. मोजता आलं नाही तर गळा घेऊन काय लोणचं घालायचंय?"

तीस वर्षं दोघी एकत्र होत्या. बाई गाणार, ताई ठेका देणार. एकीनं दुसरीच्या घरी कधी पाऊल टाकलं नव्हतं, की आवडीनिवडी विचारल्या नव्हत्या. पण बाईंचा श्वास कुठे संपतो आणि मुखडा धरण्याआधी त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा कसा किंचित उचलला जातो, हे ताईंना जितकं माहीत होतं तितकं स्वतःच्या नवऱ्याच्या खिशात काय असतं तेही माहीत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी, एका गुरुवारी, तो अंगठा आठव्या मात्रेला उचलला जायच्या ऐवजी सातव्याला उचलला गेला.

मुलींना दाखवायला बाई गात होत्या ती बंदिश त्यांनी हजारदा गायली असेल. मुखडा नवव्या मात्रेपासून. पण त्या दिवशी एका लांब तानेनंतर बाईंनी तो आठव्या मात्रेलाच धरला. आता त्या सरळ सोळाव्या मात्रेवर जाऊन आदळणार आणि सम एक मात्रा मागे राहणार. ताईंच्या हातानं आठवी मात्रा गिळली. आठवीच्या जागी नववीचा बोल पडला, पुढचा ठेका त्या धाग्यानं गेला आणि बाई आल्या तेव्हा सम त्यांच्या पायाखाली हजर होती. मुली "वा" म्हणाल्या. बाईंनी मान हलवली. हातानं काय केलं ते ताईंच्या डोक्याला नंतर कळलं.

एवढं तर साथ करणारा कधीमधी करतोच. जिन्यावर कुणाचा तोल गेला तर आपण कोपर धरतो, त्याचा गवगवा करत नाही. ताईंनीही केला नाही. पण महिन्याभरात पुन्हा तेच झालं, मग पंधरवड्यानं, मग आठवड्याला. बाई कधी एक मात्रा आधी येत, तेव्हा ताई एक गिळत. कधी उशिरा येत, तेव्हा ताई एक जास्तीची घुसवत. बाहेरून ऐकणाऱ्याला काही कळू नये इतक्या सफाईनं. खरं सांगायचं तर ताईंना त्यात थोडा अभिमानही वाटायला लागला होता. आयुष्यभर सरळ ठेका देणाऱ्या हातांना ही एक गुपित कारागिरी सापडली होती, आणि ती अशा व्यक्तीसाठी होती की जिच्यासाठी त्यांनी डोंगरसुद्धा इकडचा तिकडे केला असता.

बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. मुलींनी ठरवलं, वाचनालयाच्या सभागृहात संध्याकाळी पाचला बाईंचं गाणं करायचं. बाई बारा वर्षांत बाहेर गायल्या नव्हत्या. आधी नाही म्हणाल्या, मग "बघू" म्हणाल्या, आणि त्याच आठवड्यात त्यांनी पहाटेचा रियाज पुन्हा सुरू केला. म्हणजे मनातून किती हवं होतं ते ओळखा.

आणि मग एका सकाळी प्रयोगशाळेच्या खिडकीत, नाव-वय सांगायच्या ऐवजी, एक ओळखीचा चेहरा हळू आवाजात म्हणाला, "ताई, दोन मिनिटं बोलायचं होतं. वाईट वाटून घेऊ नका."

ही बाईंची आठ वर्षांची शिष्या, पेशानं दातांची डॉक्टर. वर्गात तिला सगळे दातवाली म्हणत. मुलगी हुशार आणि नीटनेटकी, सगळं मोजूनमापून करणारी. बाईंच्या शिकवण्या ती फोनवर रेकॉर्ड करून घेई आणि दवाखान्यात पेशंट नसले की ऐकत बसे.

"मी हातावर ताल धरून ऐकलं," ती म्हणाली. "मंगळवारच्या शिकवणीत तीन आवर्तनं पंधराच मात्रांची आहेत. एक सतराचं आहे. मला वाटलं मीच चुकतेय. पाच वेळा ऐकलं, ताई."

मागे एक गृहस्थ हातात नमुन्याची बाटली धरून ताटकळत उभे होते. "मॅडम, हे कुठे ठेवू?" त्यांनी विचारलं. ताईंनी त्यांना चिठ्ठी दिली, त्यांच्याकडे बघितलं, बाटलीवर अंगठा दाबला.

"बाई बरोबर समेवर आहेत," दातवाली पुढे म्हणाली. "प्रत्येक वेळी. त्यांचं कौतुक वाटतं, या वयात. पण ठेका… ताई, होतं असं. वय होतं. आम्ही सगळ्या बोललो. कार्यक्रमापुरतं दुसऱ्या कुणाला बोलावलं तर? तुम्ही पुढे बसून निवांत ऐका ना एकदा. तीस वर्षं मागेच बसलात."

पुरावा तर बिनतोड होता. रेकॉर्डिंगमध्ये गाणं समेवर आणि ठेका लुळा. न्यायाधीश कुणीही बसवा, शिक्षा ताईंनाच होणार. एक वाक्य बोलायचा अवकाश होता: 'मी नाही, बाई चुकतात.' ते वाक्य ताईंच्या ओठांपर्यंत आलंसुद्धा. पण ते बाहेर पडलं की कार्यक्रम गेला, बाईंचा रियाज गेला, आणि मोजायला शिकवणाऱ्या बाईला मोजता येत नाही हे सगळ्या मुलींना कळलं. "बाईंना तुम्हीच सांगा," ताई म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाला हाक मारली. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची एक चिठ्ठी वाकडी चिकटली. नळी योग्य माणसाचीच होती, पण चिठ्ठी वाकडी.

घरी नवऱ्यानं जेवताना ओळखलं. हा माणूस बसच्या आगारात छत्तीस वर्षं मेकॅनिक होता आणि गाण्याच्या बाबतीत त्याची समज एवढीच की गाणं संपलं की टाळ्या वाजतात. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मग खरं सांग की," तो म्हणाला. "चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला?"

"चोर काय म्हणता हो बाईंना! झाकली मूठ सव्वा लाखाची असते."

"असेल. पण मूठ त्यांची, आणि ती तू झाकतेस. त्यांना विचारलंस का?" त्यानं पाण्याचा घोट घेतला. "हे बघ, मला तुमच्या मात्राबित्रा कळत नाहीत. पण एखाद्या गाडीचा ब्रेक ढिला झालाय हे ड्रायव्हरला न सांगता मी रोज उतारावर गाडीमागे उभा राहून ती धरली असती, तर मला आगारात काय म्हणाले असते?"

"गाढवाला गुळाची चव काय," ताई चिडून म्हणाल्या आणि ताट घेऊन उठल्या.

"गूळ नाही कळत," तो मागून म्हणाला, "ओझं कळतं."

ताई ओट्यापाशी उभ्या राहिल्या. राग आला होता, पण तो नवऱ्याचा नव्हता. त्यांना आपली आई आठवली. आई शाळेत कविता शिकवायची आणि घरी लेकीलाही सोडायची नाही. टेबलावर बोटं आपटत लघु-गुरू मोजायला लावायची. लहान अक्षराला एक टिचकी, मोठ्याला दोन. ताईंनी ताल शिकण्याआधी वृत्तं शिकली होती, तबला शिकवणाऱ्या मामानं पहिल्याच दिवशी, "हिला मोजायला कोणी शिकवलं?" असं विचारलं होतं. दहा वर्षांच्या असताना त्यांनी एक चार ओळींची कविता केली. एका ओळीत एक मात्रा कमी भरत होती, म्हणून एका लहान अक्षराला ओढून मोठं केलं. आईनं ते पकडलं, पण रागावली नाही. कवीला एवढी सूट असते, ती म्हणाली. मग लेकीनं उत्साहाच्या भरात मैत्रिणीच्या कवितेतलं एक अक्षरही परस्पर ओढून नीट करून टाकलं, तेव्हा मात्र आईनं कान धरला. "सूट आपल्या ओळीत घ्यायची असते. दुसऱ्याच्या ओळीत त्याला न विचारता हात घालायचा नाही. ती मोडकी असली तरी त्याची आहे."

मैत्रिणीनं ती कविता शाळेत वाचून दाखवली होती आणि शाबासकी मिळवली होती. आपलं अक्षर बदललंय हे तिला कळलंच नव्हतं. त्या वेळी ताईंना त्यात गंमत वाटली होती. आता नळाखाली ताट धरताना वाटली नाही. दोन वर्षं आपण बाईंना काय दिलं? सोळा मात्रांचं घर दिलं की ज्याच्या भिंती आपण रोज गुपचूप सरकवत होतो? ताल मोडू नये म्हणून धडपडलो म्हणावं, तर मोडला तो आपल्याच हातांनी.

दोन दिवस त्या वर्गाला गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. दारात बाई. तीन मजले चढून आलेल्या, श्वास लागलेला, कपाळावर घाम.

"लिफ्ट आहे हो बाई," ताईंच्या तोंडून निघालं.

"मला काय माहीत. तीस वर्षांत कधी बोलावलंस?" बाई खुर्चीत बसल्या. नवरा पाणी आणून देऊन शहाण्या माणसासारखा आत निघून गेला. बाईंनी पाणी संपवलं, पेला खाली ठेवला.

"पोरी आल्या होत्या. म्हणतात, तुझा हात चुकतो. फोनवर ऐकवलं मला. मोजून दाखवलं. पंधरा भरल्या."

ताई पेला उचलायला वाकल्या. बाई पुढे बोलतच होत्या.

"मी म्हटलं, शक्य नाही. त्या म्हणाल्या, ऐका, बाई. मी ऐकलं. पंधराच होत्या. रात्रभर मग एकच विचार. तुझा हात मी ओळखते. तू तापानं फणफणलेली असताना तासभर वाजवलंयस, तुझी आई गेली त्याच्या चौथ्या दिवशी वाजवलंयस. तेव्हा मात्रा चुकली नाही ती आता मंगळवारी दुपारी चुकेल? तू चुकत नाहीस. मग उरलं कोण?"

खोलीत पंखा फिरत होता. ताईंना वाटलं होतं की बाई येतील तर समजूत घालायला येतील. असा हिशोब लावून येतील हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. कुणाही माणसानं आपल्यावर एवढा विश्वास ठेवला नव्हता, आणि त्या विश्वासाची फळं ही अशी.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं." बाईंचा आवाज चढला. "दोन वर्षं मी खोट्या समेवर येऊन मान डोलवत बसले? समोर पोरींना 'मोजा, मोजा' म्हणून ओरडत? आणि तू मागे बसून मजा बघत होतीस?"

"मजा नाही हो, बाई—"

"मग काय? दया? मला दया दाखवणारी तू कोण?" बाई उठून उभ्या राहिल्या, मग परत बसल्या. अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "पहिल्या दिवशीच सांगितलं असतंस तर मी दुरुस्त केलं असतं गं. तेव्हा जमलं असतं."

हे ताईंना रागापेक्षा जास्त लागलं. त्या रडल्या. बाईंनी रडू दिलं, समजूत घातली नाही.

"कार्यक्रम रद्द करू या," शेवटी ताई म्हणाल्या.

"का? मला गायचंय. तबल्यावर तूच बसायचंस. आणि सरळ सोळा. मी कुठेही धडपडले तरी सोळा."

"लोकांसमोर, बाई?"

"मग काय भिंतीसमोर? मी चुकले तर चुकलेलं दिसू दे. जिथे चुकताच येत नाही तिथे बरोबर येण्याला काय किंमत?" त्या दाराशी गेल्या. "लिफ्ट कुठेय ते दाखव."

वाचनालयाच्या सभागृहात ऐंशी खुर्च्या होत्या आणि बहुतेक भरल्या होत्या. ताईच वाजवणार हे बाईंनी मुलींना एका वाक्यात सांगितलं होतं, कारण दिलं नव्हतं. पहिल्या रांगेतली दातवाली ताईंकडे अशी बघत होती, जसं दाढ काढायला बसलेल्या पेशंटकडे बघतात.

पहिली पंधरा मिनिटं उत्तम गेली. बाईंचा आवाज खाली उतरला होता, पण सूर जागच्या जागी. मुखडा बरोबर नवव्या मात्रेला उचलला जात होता, सम येत होती, लोक माना डोलवत होते. ताईंना वाटलं, आज देवानं ऐकलं. आणि मग एक लांब तान घेऊन बाई परतत असताना ताईंना दिसलं: डाव्या हाताचा अंगठा सातव्या मात्रेला उचलला गेला.

ताईंचे हात शिवशिवले. दोन वर्षांची सवय बोटांत होती, एक मात्रा गिळायला क्षणसुद्धा लागला नसता. बाईंची इभ्रत, मुलींचं कौतुक, ऐंशी माणसांची संध्याकाळ, सगळं त्या एका बोलावर होतं. ताईंनी दात आवळले आणि आठवी मात्रा वाजवली. तिच्यावरच बाईंचा मुखडा सुरू झाला. नववी. दहावी. बाईंचा शब्द समेच्या जोरानं पडला तेव्हा तबल्यावर सोळावी चालू होती. सम त्यानंतर एकटीच आली.

सभागृहात ज्यांना हे कळतं अशी माणसं दहा-बारा असतील. पण ती दहा-बारा डोकी एकदम ताईंकडे वळली. दातवालीनं मान खाली घातली. शेजारची हळूच म्हणाली, "सांगितलं होतं ना."

बाईंनी गाणं थांबवलं. तळहात वर केला. "ठेका चालू ठेव," त्या ताईंना म्हणाल्या, आणि मग समोर बघून, "तिच्याकडे बघू नका. ती सोळाच वाजवतेय. मी पंधरातच उरकलं. गेली दोन वर्षं उरकतेय. ती सांभाळून घेत होती, म्हणून तुम्हाला वाटलं तिचा हात गेला."

ठेका चालू होता. बाईंनी पुन्हा मुखडा धरला. या वेळी उशीर झाला. सम येऊन गेली आणि शब्द मागाहून पोचला. "पुन्हा," बाई म्हणाल्या. पण गायल्या नाहीत. त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवला, आणि पहिल्या वर्षाच्या मुली करतात तसं, मोठ्यानं, सगळ्यांदेखत मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. हात पडत होता. नऊवर त्यांनी हात वळवला. सोळा पूर्ण केल्या आणि पुढच्या आवर्तनात आठपर्यंत मोजून नवव्या मात्रेवर मुखडा उचलला. शब्द आणि सम एकत्र पडले, चुकल्यानंतर दोन वर्षांत पहिल्यांदाच, कुणीही काहीही न सरकवता.

ताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुसायला हात मोकळा नव्हता.

त्यानंतर बाई बाहेर गायल्या नाहीत, पण वर्गात गात राहिल्या. दातवाली दुसऱ्याच दिवशी ताईंच्या खिडकीवर आली आणि नुसती रांगेत उभी राहून नंबर आल्यावर हात जोडून गेली. आणि वर्गात एक नवा रिवाज पडला. गाणं संपलं, मुली जिना उतरून गेल्या की बाई विचारत, "आज किती?" ताई खरा आकडा सांगत. "तीन, बाई." "काल?" "दोन." मग बाई तेवढ्या जागा पुन्हा हातावर मोजत. कधी कधी आकडा उतरेही, तेव्हा बाई दिवसभर खूश असत. पण एकंदरीत तो चढत गेला. चार झाला, सहा झाला. आकडा सांगताना ताईंनी एकदाही त्यातला एक गिळला नाही.

कार्यक्रमाला वर्ष होऊन गेल्यावर एका बुधवारी मुली गेल्या आणि बाईंनी काहीच विचारलं नाही. त्या खिडकीशी उभ्या राहून खाली किल्लीवाल्याकडे बघत होत्या. ताईंनी तबला पुसला, पावडर झटकली, खोळ चढवली, नाडी बांधली. बाई वळल्या नाहीत. ताई पिशवी घेऊन दारापर्यंत गेल्या. न सांगता गेल्या असत्या तरी चाललं असतं. आज विचारणारंच कुणी नव्हतं.

"बाई," दारातून ताई म्हणाल्या, "आज अकरा."

"कसले अकरा?"

बाईंच्या चेहऱ्यावर खरंच प्रश्न होता. ताईंनी पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या आणि जवळ गेल्या.

"तुमची सम चुकली, बाई. अकरा वेळा."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग कपाळाला आठी पडली, तीस वर्षांची ओळखीची.

"अकरा वेळा चुकले," त्या म्हणाल्या, "आणि तू खोळ बांधून घरी निघालीस? काढ तो तबला. बस खाली."

ताई बसल्या. नाडीची गाठ घट्ट बसली होती, ती दातांनी सोडवली. बाई समोर मांडी घालून बसल्या आणि त्यांनी हात गुडघ्यावर ठेवला. ताईंनी ठेका धरला, सरळ सोळाचा.